बिनधुराची चूल

“कोण येतंय का गं?”

दिवसातून दोनदा तरी काका मला हे विचारत. दाराच्या फटीतून आधी त्यांचं नाक दिसायचं, मग एक डोळा. तो डोळा वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा आणि शेवटी आमच्या मागच्या ओट्यावर, माझ्यावर येऊन थांबायचा. मी नकारार्थी मान हलवली की दार लागायचं, आतून कडी पडायची आणि थोड्या वेळानं कौलांमधून धूर निघायचा. काका स्वयंपाकाला बसलेले असायचे.

तुम्हाला हसू येईल. भात शिजवणं ही काय चोरी आहे? पण मी सांगते आहे ती दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली गोष्ट आहे, वसईजवळच्या गास गावची आहे, आणि काका चोरासारखे घाबरलेले असत हे मी स्वतः पाहिलं आहे. एकाचा खोकला दुसऱ्याला लागावा तशी त्यांची भीती मला लागली होती. वाटेवर पाचोळा वाजला तरी मी उठून उभी राहायचे.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ते त्यांना आवडलं नसतं. आमच्या वाडीला लागून त्यांची वाडी होती, केळीची आणि पानवेलींची. माणूस एवढा उंच, की स्वतःच्या दारातून जाताना वाकावं लागे. रहाटाच्या रेड्यावर ओरडले तर तो आवाज रस्त्यापर्यंत जायचा. तोच माणूस स्वतःच्या आईसमोर उभा राहिला की त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

आमच्याकडे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात. काकांच्या दोन खोल्या बावखलाच्या या काठावर होत्या. पलीकडच्या काठावर त्यांच्या थोरल्या भावाचं मोठं घर होतं आणि त्यांची आई तिथे राहायची. म्हातारी पायरीवर बसून पानाच्या जुड्या बांधायची. हात जुडीवर आणि नजर पाण्यावरून थेट धाकट्याच्या कौलांवर.

त्याला कारण होतं. काकी लग्न होऊन आल्या त्याच वर्षी मोठ्या घरात चुलीपाशी त्यांचा पदर पेटला होता. डावा हात कोपरापर्यंत भाजला. हात बरा झाला, पण त्यानंतर चुलीत काडी घालायला गेल्या की त्यांचा श्वासच अडकायचा, ओठ पांढरे व्हायचे. घरात कोणी म्हणालं नाटकं आहेत, कोणी म्हणालं बाहेरचं काही आहे. गंडे बांधून झाले. शेवटी म्हातारीनं सांगितलं, रांधत नसेल तर हिला माहेरी पोचव, मामाची मुलगी आहे लग्नाची. तेव्हा दुसरी बायको करायला कोणाची आडकाठी नव्हती. काकांनी वेगळी चूल मांडली आणि आठ-पंधरा दिवसांनी आईला सांगून टाकलं की ती आता बरी झाली, रांधते. एवढ्या एका खोटेपणावर त्या दोघांचं घर उभं होतं.

मला हे सगळं नंतर कळलं. आधी कळलं ते असं. मी वांद्र्याला आत्याकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि मॅट्रिक होऊन गासला परत आले होते. माझं मराठी पुस्तकी, त्यात गावची बोली तोंडात बसेना. मी काही बोलले की विहिरीवरच्या मुली हसायच्या, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. एके दिवशी आईनं मला सुकेळ्यांची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची, पुडी देऊन काकींकडे पाठवलं. पुढचं दार बंद. हाक मारायची लाज वाटली, म्हणून मागच्या खिडकीशी गेले.

आत काका चुलीसमोर उकिडवे बसले होते. धोतर वर खोचलेलं, तोंडाला फुंकणी, डोळ्यांतून पाणी. काकी बाहेरच्या खोलीत उंबऱ्यापाशी त्यांच्याकडे पाठ करून बसल्या होत्या, तोंड भिंतीकडे. भिंतीकडे बघतच त्या म्हणाल्या, “आता आवाज बदलला. झाकण काढा.” काकांनी झाकण काढलं.

मग त्यांनी मला पाहिलं.

ते हातातल्या सांडशीसकट खिडकीशी आले. मला वाटलं, मारतात. पण जवळ आल्यावर त्यांनी आधी माझ्यामागची वाट न्याहाळली, मग मला.

“बाय, तू काय पाहिलंस?”

“काही नाही.”

“तेच,” ते म्हणाले. “तू बोलत नाहीस ना कोणाशी? बरंय.”

माझं न बोलणं कोणाच्या तरी उपयोगी पडेल, असं तोपर्यंत कोणाला वाटलं नव्हतं.

तेव्हापासून मी पुस्तक घेऊन मागच्या ओट्यावर बसू लागले. बावखलाच्या बांधावरून म्हातारी येताना दिसली की मी मांजराला हाक मारायची, असं ठरलं. आमच्याकडे मांजर नव्हतं. “मनी, ये मनी,” असं मी ओरडायचे, आतली फुंकणी थांबायची, काका मागच्या दारानं वाडीत पसार व्हायचे आणि काकी डोळे मिटून, हातात पळी धरून, चुलीपासून जेवढं लांब राहता येईल तेवढ्या लांब उभ्या राहायच्या. एकदा म्हातारी माझ्यापाशी थांबली.

“तुमच्याकडं मांजर कधी आली गं बाय? दिसत तर नाय.”

“ती लाजाळू आहे,” मी म्हटलं.

“तुझ्यासारखी,” म्हातारी म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

काकांचा स्वयंपाक साधाच. भात, डाळ, केळफुलाची भाजी, कधी सुकट. शिकवणाऱ्या काकी, तेही पाठ फिरवून, वासावर आणि आवाजावर. डाळीला उकळी कशी फुटली, भाताला पाणी किती उरलं, हे त्या नुसतं ऐकून सांगायच्या. काकांना चवीपेक्षा भांड्यांची आवड फार. सोपाऱ्याच्या बाजारात मी आईबरोबर गेले असताना त्यांना भांडीवाल्याकडे पाहिलं. एकेक पातेलं उचलत, बोटाच्या पेरानं टिचकी मारत आणि कानाशी नेत.

“बोलतंय का बघू,” असं पुटपुटत.

भांडीवाला कंटाळला. म्हणाला, बायकोलाच घेऊन या की, एवढी चौकशी बायकासुद्धा करीत नाहीत. काकांनी सांगितलं की घरातूनच निरोप आहे, जाड बुडाचंच आण म्हणून. का, तर भात खाली लागतो माझा. एवढं बोलून गेले आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. “तिचा,” ते म्हणाले. “तिचा लागतो.” भांडीवाल्याच्या काही लक्षात आलं नाही. आई मिरच्या निवडत होती. काका मात्र पातेलं घेऊन असे निघाले, की जणू कोणी पाठलाग करतं आहे.

त्या हिवाळ्यात म्हातारीला संशय आला. धूर कधी निघतो आणि धाकटा वाडीतून कधी नाहीसा होतो, हे तिनं जुळवून पाहिलं असावं. एका सकाळी ती बांधावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी काकांना म्हणाली की येत्या अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी मी तुझ्याकडे जेवायला येणार. स्वयंपाकाच्या वेळी तू वाडीत भावाच्या नजरेसमोर राहायचं. सुनेच्या हातचं जेवेन, नाहीतर दुसऱ्या दिवशी तुझ्या मामाकडे त्याची मुलगी मागायला जाईन.

काका “बरं” म्हणाले. मी ओट्यावरून पाहत होते. “बरं” म्हणताना त्यांनी रहाटाच्या खांबाला धरलं होतं.

पुढचे काही दिवस ते बाजारातून बाजारात हिंडले. पंपाचा स्टोव्ह घ्यावा तर रॉकेल रेशनवर, आणि त्याच्या घरघरीनं काकी आणखीच घाबरल्या असत्या. मग वसईला एका सडेफटिंग कारकुनाकडे त्यांना ती वस्तू सापडली. पितळेचा उंच उभा डबा, त्यात एकावर एक बसणारे तीन लहान डबे, आणि तळाशी निखारे ठेवायची जाळी. एकदा निखारे घालून झाकण लावलं की भात, डाळ, भाजी एकदम शिजायची. ढवळायला नको, फुंकायला नको. मुंबईत एकटे राहणारे पुरुष असे कुकर वापरतात, असं कारकुनानं सांगितलं होतं. काकांनी तो आंब्याच्या पाटीत पेंढ्याखाली दडवून आणला.

झाकणावर इंग्रजी अक्षरं होती. ती वाचायला मला मागच्या दारानं बोलावलं गेलं. काका, काकी दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. मी वाचून सांगितलं, ही बाजू वर ठेवावी.

“आणि?”

“एवढंच आहे.”

“एवढं इंग्रजी, आणि एवढंच लिहिलंय?” काका म्हणाले. काकी हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

काकांनी निखारे मागच्या अंगणात पेटवले, लाल झाल्यावर जाळीत घातले, झाकण लावून डबा आत आणला. ज्वाळा नाही, ठिणगी नाही, धूर नाही. काकी आधी उंबऱ्याबाहेर होत्या. मग उंबऱ्यावर आल्या. मग उठून आत गेल्या आणि डब्यापासून दोन हातांवर बसल्या. तोंड भिंतीकडे नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्या विस्तवाच्या खोलीत बसल्या होत्या. काका टिचकी मारायला गेले आणि बोट पोळून घेतलं, तर काकींनी ते स्वतःच्या पदरात धरलं. मला तिथे थांबणं बरं वाटेना, म्हणून मी निघाले.

एकच अडचण होती. म्हातारी पलीकडून धुराची वाट बघणार. म्हणून काकांनी बिनधुराची चूल आणली आणि मागच्या बाजूला ओल्या झावळ्या जाळून धूर करायची सोयही केली. हे मला सांगताना ते स्वतःच हसले. पण डोळे वाटेवरच होते.

म्हातारी जेवायला येणार तो दिवस थंडीचा होता. दुपार कलल्यावर काकांनी निखारे केले, डबा आत ठेवला, झावळ्या पेटवल्या आणि काकींना सांगितलं की दोन्ही दारं लावून घे, खिडकीही लाव, आता धूरच नाही तर उघडी कशाला हवी. उघडी राहिली असती तर थोरल्या भावाची बायको येताजाता डोकावली असती, आणि काकी नुसत्या बसलेल्या दिसल्या असत्या. मग ते रहाटावर गेले आणि भावाला दिसेल अशा जागी मोठमोठ्यानं रेड्यावर ओरडू लागले. मी ओट्यावर होते.

झावळ्यांचा धूर विरला. दार बंद होतं. रहाटाची करकर ऐकू येत होती. मी पुस्तकाचं तेच पान पुन्हापुन्हा वाचत होते. अधूनमधून काकी खिडकीची फळी किलकिली करून माझ्याकडे बघायच्या, तशी त्यांची सवय होती. त्या दिवशी फळी हलली नाही. मी स्वतःला समजावलं, त्या भाजी बघत असतील. मग आतून भांडं पडल्याचा आवाज आला. त्यानंतर काहीच नाही. भांडं पडलं की माणूस ते उचलतं. मी उचलल्याचा आवाज ऐकायला थांबले. आला नाही.

मी दारापाशी गेले. “काकी,” म्हटलं. पुन्हा म्हटलं. दारावर हात मारला. आतल्या डब्यात काहीतरी शिजत असल्याचा बारीक आवाज येत होता, आणि माणसाचा कसलाच नाही. मी धावले.

रहाटापाशी काका होते आणि थोरले भाऊही होते. मला बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण मराठी आलं नाही, इंग्रजीही आलं नाही. मी काकांचा दंड धरून ओढला. वयात आलेल्या मुलीनं परक्या पुरुषाला चारचौघांत हात लावायचा नसतो, हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. थोरल्यांच्या कपाळाला आठी पडली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि पळत सुटले.

पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना आतून कड्या होत्या. काकांनी पुढच्या दाराला खांदा मारला, ते हललं नाही. थोरले पहार घेऊन आले. दोघांनी मिळून दार बिजागऱ्यांसकट उखडलं. काकी डब्याशेजारीच आडव्या झाल्या होत्या, हात डब्याकडे, चेहरा लालबुंद. काकांनी त्यांना उचलून फणसाखाली आणलं. मला वाटलं, संपलं. काका त्यांच्या तोंडावर पाणी मारत होते आणि मधेच स्वतःच्याही, कशासाठी कोण जाणे. माझी आई धावत आली आणि काकींना कुशीवर वळवून पाठ चोळू लागली. पुष्कळ वेळानं काकींनी ओकारी काढली. मग कण्हल्या. तो आवाज ऐकून मी खाली मातीतच बसले.

तेवढ्यात म्हातारी आली. जेवायचं म्हणून नेसलेलं धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. तिनं सुनेकडे पाहिलं, उखडलेल्या दारातून आत गेली, बाहेर आली.

“शेगडी बंद खोलीत,” ती म्हणाली. “हिनं लावले निखारे?”

म्हातारीच्या आवाजात राग नव्हता, उलट सुनेनं विस्तव हाताळला या कल्पनेनं तो जरा मऊच झाला होता. एक “हो” पुरलं असतं. मामाची मुलगी मामाकडेच राहिली असती. मी मनातल्या मनात काकांना म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा.

काका काकींचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

“मी लावले,” ते म्हणाले. “रोज मीच रांधतो, आई. वेगळे झालो त्या दिवसापासून.”

थोरल्यांनी तोंड फिरवलं.

“शेगडी ठेवली की खिडकी उघडी ठेवायची, निखाऱ्याची हवा कोंडते,” म्हातारी म्हणाली. “बाळंतिणीच्या खोलीत पन फट ठेवतात. चार पोरं झालेली कोनतीही बाई सांगेल. विचारायचं तरी.”

“कोणाला विचारणार होतो?” काका म्हणाले.

ती न जेवता बांधावरून परत गेली. बांधावर एकदा तिचा पाय घसरल्यासारखा झाला, पण तिनं मागे पाहिलं नाही.

भात चांगला शिजला होता, असं आईनं नंतर सांगितलं. कोणी खाल्ला नाही.

मग गाव हसलं. विहिरीवर हसलं, पानाच्या जुड्या बांधताना हसलं. काकांना कोणी वहिनी म्हणून हाक मारू लागलं. काकी आठवडाभर अंथरुणावर होत्या, आणि मला रोज सकाळी वाटायचं, आज म्हातारी मामाकडे जायला निघेल. बांधाकडे बघायचीही मला भीती वाटायची.

आता ती वाडी दुसरं कोणी करतं. काका गेले, काकी भाच्याकडे राहतात. माझं लग्न होऊन मी दादरला आले, आणि माझ्या स्वयंपाकघरात गॅस नाही तरी स्टोव्ह आहे, जो पेटवताना मी खिडकी पुन्हापुन्हा तपासते. माझे यजमान म्हणतात, एवढं घाबरायला काय झालं. मी सांगत नाही.

काका आठवले की मला दार उखडल्यानंतरची एक सकाळ आठवते. नवं दार अजून बसलं नव्हतं. काका चुलीसमोर बसले होते आणि वाटेवरून जाणाऱ्या कोणालाही ते दिसत होते. येणारेजाणारे थांबून बघत होते. काकांचे कान तापून लाल झाले होते, पळी पातेल्याच्या काठावर टकटक वाजत होती. पण ते उठले नाहीत. काकी आतल्या भिंतीला टेकून, चादर पांघरून बसल्या होत्या.

बांधावरून म्हातारी आली. मी ओट्यावर उभी राहिले. हाक मारायला आता काही अर्थ नव्हता. ती सरळ दारात जाऊन उभी राहिली आणि खोलीत अंधार झाला. ती मुलाकडे बघत होती, सुनेकडे बघत होती, आणि तिच्या हातात एक लहानसं गाठोडं होतं. मामाच्या गावाला निघालेली बाई असंच गाठोडं घेते.

काकांनी वर पाहिलं नाही. ते पातेल्यात वाकून बघत होते.

“आई,” ते म्हणाले, “जरा बाजूला हो. उजेड येत नाही.”

जन्मात पहिल्यांदाच त्यांनी तिला काही करायला सांगितलं असावं. म्हातारी तशीच उभी राहिली. मग तिनं उंबरा ओलांडला, आत जाऊन सुनेशेजारी बसली, आणि गाठोडं जमिनीवर ठेवून त्यातले तांदूळ निवडू लागली.

काकांनी भाताचं शीत काढून बोटांत दाबलं. ते अजून कच्चं होतं.